भुकूमचें बाशिंग

पुण्याहून पौडास जाणाऱ्या रस्त्यानें चांदणी चौकाची खिंड ओलांडली, कीं पावसाळ्यांत हवेचा स्पर्शच बदलतो. शहरांत वर्षाकांठीं सरासरीनें २८-२९ इंच पाऊस पडतो. हाच रस्ता धरून पश्चिमेस ताम्हिणीपर्यंत जावें, तर तेथें तो २०० इंचांच्याही वर जातो. या दोन टोंकांच्या मध्यें, भूगांव आणि पिरंगुट यांच्या दरम्यान, भुकूम हें गांव आहे. गेल्या आषाढांतील एका रविवारीं सकाळीं मी काकूंना घेऊन त्या गांवीं गेलों. देवदर्शनासाठीं नव्हे, कीं पावसांतल्या सहलीसाठींही नव्हे. माझ्या हातून घडलेल्या एका अपराधाचें परिमार्जन करावयास गेलों होतों. हा शब्द वाचकांस जरा मोठा वाटेल, पण आमच्या घरांत ती गोष्ट अद्यापि याच शब्दानें ओळखली जाते.

आमच्या सदाशिव पेठेंतील वाड्याच्या मागल्या पडवींत, विहिरीच्या अंगास, सागवानी फळीच्या तुकड्यावर बांधलेलें एक बाशिंग टांगलेलें असे. बाशिंग म्हणजे नवरदेवाच्या कपाळावर बांधतात तें नव्हे, तर त्याच नांवाची वनस्पति. कोठें कोठें तिला अश्वकात्री असेंही म्हणतात. नेच्यांच्या, म्हणजे ज्यांस आपण हल्लीं सर्रास 'फर्न' म्हणतों त्यांच्या कुळांतील ही एक थोराड जात. हंसराज नांवाचा नेचा बहुतेकांनीं ओढ्याच्या कांठीं किंवा जुन्या विहिरीच्या भिंतीवर पाहिलेला असतो. नाजूक, काळ्या देठाचा, पावसाबरोबर येणारा आणि पावसाबरोबर जाणारा. बाशिंगाचा स्वभाव त्याच्या उलट. तें झाडाच्या खोडावर किंवा उघड्या खडकावर ठाण मांडून बसतें आणि एकदां बसलें म्हणजे कित्येक उन्हाळे तेथून हलत नाहीं.

हें बाशिंग काकूंनीं आणलें तें भुकूमहूनच. दहा-बारा वर्षांपूर्वीं त्या आपल्या बालमैत्रिणीकडे तेथें चार दिवस राहावयास गेल्या असतां रस्त्याच्या कडेचा एक जुना आंबा पाडला गेला. ओंडके ट्रकमध्यें चढले आणि लहान फांद्या व पाला तसाच पडून राहिला. त्यांत एका फांदीवर हें होतें. काकूंनीं शेजारच्या माणसाकडून कोयत्यानें सालीसकट तो तुकडा काढून घेतला, ओल्या गोणपाटांत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन पौडच्या बसनें पुण्यास आणला. बसमध्यें एका बाईंनीं 'औषधाचें आहे का हो हें?' असें विचारलें, तेव्हां 'नाहीं, पाहुणा आहे' असें उत्तर आपण दिलें, असें काकू अजून सांगतात.

काकूंच्या हातीं त्याचें दैव उघडलें. अंगठ्याएवढें जाड, तपकिरी लवेनें झांकलेलें त्याचें आडवें खोड फळीच्या चारी कडांनीं फिरलें. पावसाळ्यांत दीड-दीड, दोन-दोन हात लांब पानें विहिरीच्या कठड्यावर लवूं लागलीं. काकूंचा नेम असा, कीं तुळशीखालीं गळलेलीं पानें, देव्हाऱ्यांतला वाळलेला बेल, पारिजातकाचा पाला, असें मूठभर कांहींतरी रोज त्या बाशिंगाच्या पोटांत टाकीत. आम्हीं कारण कधीं विचारलें नाहीं. बायकांच्या अनेक नेमांपैकीं हा एक, अशी आम्हां पुरुषांची समजूत.

गेल्या मार्गशीर्षांत काकू आपल्या मुलीच्या बाळंतपणासाठीं नाशिकास गेल्या. त्याच सुमारास आमचा वाडा पाडून तेथें इमारत बांधण्याचा करार ठरत आला होता, आणि मोजणी करणारे, नकाशे काढणारे असे परके लोक घरांत येऊं लागले होते. इतके दिवस जिच्याकडे लक्ष दिलें नव्हतें त्या पडवीचें रूप मला एकाएकीं खुपूं लागलें. बाशिंगाच्या बुडाशीं तळहाताहून मोठीं, तपकिरी, कागदासारखीं चुरचुरणारीं पानें एकावर एक चिकटून राहिलेलीं. त्यांच्या आंत काळा, कुजका पालापाचोळा. त्यांतून मुंग्यांची रांग. मीं एका रविवारीं बाह्या सारून तें सर्व ओरबाडून काढलें. मुळें नळाखालीं स्वच्छ धुतलीं. मग बाजारांतून एक चकचकीत कुंडी आणली, तींत काळी माती व शेणखत भरलें आणि तें लवदार खोड चांगलें दोन-तीन बोटें खोल पुरून वरून तांब्याभर पाणी घातलें. रोज सकाळीं पाणी घालण्याचा माझा नेम एक दिवसही चुकला नाहीं. माझ्या मतें मीं त्याला नवें घर बांधून दिलें होतें.

माघांत खोड मऊ पडलें. फाल्गुनांत त्याला वास येऊं लागला. काकू चैत्रांत परत आल्या, तेव्हां कुंडींत बोटभर जिवंत तुकडा राहिला होता. त्या रागावल्या नाहींत. कुंडीशीं बसून त्यांनीं मातींत हात घालून पाहिला आणि एवढेंच म्हणाल्या, "अरे, तूं त्याचें कोठार झाडून बाहेर टाकलेंस." त्यानंतर महिनाभर त्या पडवींत फारशा गेल्या नाहींत. रागावल्या असत्या तर बरें झालें असतें.

तेव्हां आषाढ लागतांच मी त्यांना भुकूमला नेलें.

रस्ता आतां ओळखूं येत नाहीं. चांदणी चौकांतला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरांत स्फोटकांनीं पाडला गेला, त्या जागीं २०२३ सालीं अनेक फाट्यांचा मोठा पूल झाला. बावधनच्या बाजूस इमारतींनीं डोंगराचे पायथे झांकले आहेत. भूगांवचा मानस तलाव लागला म्हणजे डोळ्यांस जरा विसांवा मिळतो. भुकूमजवळच्या खाटपेवाडीच्या डोंगरांत रामनदी उगम पावते, ती या तलावांतून बावधन, पाषाण असें करीत औंधाकडे मुळेस मिळते. पुण्यांत जिला आम्ही नाक मुरडून नाला म्हणतों, ती येथें खाचरांच्या कडेनें वाहणारी नितळ धार आहे, हें मला पन्नाशीनंतर कळलें. पुढें हाच रस्ता मुळशीच्या धरणास जातो. ज्याविरुद्ध १९२१ सालीं मावळांतील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला आणि ज्यामुळें बापटांना 'सेनापति' हें नांव मिळालें, तेंच हें धरण. आम्हांस तितकें दूर जावयाचें नव्हतें.

भुकूमलाही बंगले, कुंपणें आणि विक्रीचे फलक पुष्कळ झाले आहेत. तरी मधून मधून भाताचीं खाचरें आहेत आणि बांधावर आंबे व जांभळी उभ्या आहेत. काकूंची मैत्रीण आतां हयात नाहीं. तिच्या शेजारचा शेतकरी, ज्यानें पूर्वीं कोयता चालविला होता, तो सत्तरीच्या घरांतला म्हातारा मात्र भेटला. काकूंनीं येण्याचें कारण सांगितल्यावर त्यानें माझ्याकडे जें पाहिलें, त्यांत दया अधिक होती कीं करमणूक, हें मला सांगतां येणार नाहीं. "या, दावतो," एवढें म्हणून तो आम्हांस आपल्या बांधावरच्या आंब्याकडे घेऊन गेला.

खोडाची पहिली फांदी जेथें फुटते तेथपासून वर वाव-दीड वाव बाशिंगांनीं तें झाड मढलेलें होतें. त्या दिवशीं प्रथमच मीं तें त्याच्या स्वतःच्या जागीं पाहिलें, आणि माझी चूक मला कोणी न सांगतां दिसली. या वनस्पतीला दोन प्रकारचीं पानें असतात. एक लांब, हिरवीं, पिसासारखीं कापलेलीं. हीं अन्न तयार करतात आणि यांच्याच पाठीवर शिरांमधून तपकिरी ठिपक्यांच्या रांगा येतात. दुसरीं आंखूड, बिनदेठाचीं, रुंद आणि कडेला बोथट कातरलेलीं. हीं जन्मतात हिरवीं, पण थोड्याच काळांत वाळून तपकिरी होतात आणि वाळलीं तरी गळत नाहींत. खोडाला टेकून, तोंड वर करून, कौलांसारखीं एकावर एक तीं बसून राहतात. वरून गळणारें आंब्याचें पान, पांखरांची विष्ठा, धूळ, सालीचा भुगा, सर्व या परड्यांत सांचतें, तेथेंच कुजतें, आणि बाशिंगाचीं मुळें त्या सुपीक काळ्या भुग्यांत शिरून आपली गुजराण करतात. जमिनीपासून दहा-बारा हात उंच, जेथें मातीचा कण नाहीं, तेथें या वनस्पतीनें आपलीच मेलेलीं पानें उभीं धरून स्वतःपुरती जमीन तयार केलेली असते. म्हाताऱ्यानें शिडी लावून मला वर चढविलें आणि एका परड्यांत हात घालावयास सांगितलें. आंत थंडगार, ओलसर, आणि कांहींतरी वळवळणारें होतें. मीं हात झटकन् काढला. मुंग्या तर होत्याच. या पानांवर सूक्ष्म मधुग्रंथि असतात, त्यांच्या लोभानें मुंग्या येतात, असें शास्त्रज्ञ सांगतात. मीं ज्यांच्यावर पडवींत पावडर मारली होती त्याच ह्या.

कपाळासारख्या उभ्या खोडावर बांधल्यासारखें तें कातरलेलें पान पाहिल्यावर बाशिंग हें नांव कसें पडलें, हें विचारावें लागत नाहीं. लिनियसनें १७५३ सालीं या वनस्पतीला शास्त्रीय नांव दिलें, तेव्हां त्याला त्याच पानांत युरोपांतल्या ओक वृक्षाचें पान दिसलें. ज्यानें त्यानें आपल्या घरचें पाहिलें. आमच्या पूर्वजांना त्यांत लग्न दिसलें, यांत मला अधिक मौज वाटते.

म्हाताऱ्याचा मुलगा मात्र तें सगळें खरवडून टाकावें या मताचा होता. 'हें बांडगूळ झाडाचा रस पितं,' असें त्याचें म्हणणें. हा समज शहरांतही इतका रूढ आहे कीं त्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य वाटतें. बांडगूळ फांदीच्या आंत आपलें मूळ घुसवून तिचा रस घेतें; तेथें फांदी सुजलेली दिसते आणि पुढें वाळते. बाशिंग झाडाला केवळ धरून बसतें. त्याचीं मुळें सालीच्या वर वर पसरतात, आंत शिरत नाहींत. झाडाकडून तें बसण्यापुरती जागा घेतें आणि गळून पडणारा पाला घेतें. खडकावरही तें तितक्याच सुखानें वाढतें, हाच याचा पुरावा.

त्या आंब्याच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगानें एक आंकडा घातलेला होता. "रस्ता रुंद व्हायचाय म्हंत्यात. कधी, ते कोन सांगंना," म्हातारा म्हणाला. काकूंनीं पदरानें तो आंकडा पुसून पाहिला. तेल-रंगाचा होता, पुसला नाहीं.

उभ्या झाडावरचें बाशिंग काढावयाचें नाहीं, हें आम्ही घरूनच ठरवून निघालों होतों. वैशाखांतल्या वळवानें त्याच आंब्याची एक फांदी मोडून पडली होती आणि ती म्हाताऱ्यानें गोठ्याच्या कडेस ओढून ठेवली होती. तिच्यावरचें बाशिंग अजून जीव धरून होतें. तेंच आम्हीं घेतलें. वाचकांपैकीं ज्यांस हौस होईल त्यांस माझी हात जोडून विनंति आहे, कीं त्यांनींही पडलेलें झाड, तोडलेली फांदी, किंवा एखाद्या स्नेह्याच्या घरचा तुकडा, एवढ्यावरच भागवावें. ताम्हिणीचें अरण्य २०१३ पासून अभयारण्य आहे. तेथून झाडपाला उपटून आणणें हा कायद्यानेंही गुन्हा आहे. मुळशी तालुक्यांत गांवोगांव देवराया आहेत, त्यांतून काटकी उचलावयाचीही पूर्वीं छाती होत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत नेच्यांचें असें वेड माजलें होतें, कीं सभ्य स्त्रीपुरुष टोपल्या व खुरपीं घेऊन डोंगर पालथे घालीत, आणि कांहीं दुर्मिळ जाति त्या हौसेनें जवळजवळ नाहींशा झाल्या. गुडघ्याला बाशिंग बांधून जंगलांत जाऊं नये, असें काकू म्हणतात, तें येथें दोन्ही अर्थांनीं लागू पडतें.

आतां लावणीविषयीं. यांत थोडें काकूंचें आहे, थोडें म्हाताऱ्याचें, थोडें पुस्तकांतलें, आणि चुकांचा भाग सर्वस्वीं माझा.

आडव्या खोडाचा चार-सहा बोटें लांबीचा असा तुकडा घ्यावा, कीं त्याला वाढतें टोंक असेल. हें टोंक ओळखणें अगदीं सोपें. तें खारीच्या शेपटाच्या शेंड्यासारखें लवदार आणि इतर खोडाहून उजळ असतें. टोंक नसलेला तुकडा बहुधा नुसता बसून राहतो. दोन-तीन जुनीं तपकिरी पानें त्याच्यासह असूं द्यावींत, म्हणजे कोठाराचा पाया तयार मिळतो. मग जून, खडबडीत लांकडाच्या फळीवर किंवा सालीच्या तुकड्यावर नारळाच्या काथ्याची पातळ गादी करून तिच्यावर हें खोड ठेवावें आणि काथ्याच्या दोरीनें बांधावें. तार वापरूं नये, ती खोडांत रुतते. फळी उभी टांगावी. फळी नको असेल तर तारेच्या शिंकाळ्यांत काथ्याचे तुकडे, लोणारी कोळशाचे खडे, झाडाच्या सालीचे तुकडे आणि थोडें पानखत असें भुसभुशीत मिश्रण भरून चालतें. माती मात्र नको. खोड नेहमीं वर, उघड्यावर राहिलें पाहिजे. तें पुरलें कीं कुजलें, हें मीं पदरचे पैसे खर्चून शिकलों आहें.

ज्येष्ठ-आषाढ हा लावणीचा काळ. पावसाळ्यांत पाणी कितीही झालें तरी तें निथळून जात असेल तर बाधत नाहीं. पाऊस सरला म्हणजे हात आंखडता घ्यावा. उन्हाळ्यांत लांब पानांच्या पाकळ्या गळून जातात आणि मधल्या शिरा काठ्यांसारख्या उभ्या राहतात, तें पाहून बाशिंग मेलें असें समजून लोक एक तर फेंकून देतात, नाहीं तर धाबरून पाण्यांत बुडवितात. तें झोंपलेलें असतें. चार-आठ दिवसांनीं एकदां शिंपडावें आणि वळवाची वाट पाहावी. भर दुपारचें ऊन नको, पण काळोखही नको. आंब्याखालीं जसा कवडशांचा उजेड असतो तसा हवा. पानांच्या मागें खवल्यांसारखी कीड चिकटलेली दिसली तर ओल्या बोळ्यानें पुसून काढावी. खत म्हणून वाळका पाला तपकिरी परड्यांत टाकीत राहावें, निराळें कांहीं लागत नाहीं. आणि तीं परडीं कितीही ओंगळ दिसलीं, पाहुणे येणार असले, तरी त्यांना हात लावूं नये.

ज्यांच्या घरांत शाळकरी मुलें आहेत त्यांनीं बीजाणूंपासून नेचा वाढविण्याचा प्रयोग अवश्य करावा. नेच्यांना फूल नाहीं, फळ नाहीं, मग वंश कसा चालतो, या कोड्यानें युरोपांतील शहाण्यांना शेंकडों वर्षें गोंधळांत टाकलें होतें. नेच्याचें बीं अदृश्य असतें आणि तें जवळ बाळगणाराही अदृश्य होतो, अशी तिकडे समजूत होती. १८५१ सालीं जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होफमायस्टर यानें या जीवनक्रमाचा उलगडा ग्रंथरूपानें मांडला. पानामागचे ठिपके तपकिरी झाले म्हणजे पानाचा तुकडा पांढऱ्या कागदांत घडी करून ठेवावा. दोन दिवसांत कागदावर पिवळसर धूळ पडते, तेच बीजाणु. विटेचा तुकडा पाण्यांत उकळून निववावा, कांचेच्या बरणींत थोड्या पाण्यांत ठेवावा, त्यावर ही धूळ भुरभुरावी आणि झांकण लावून उजेडांत, पण उन्हाबाहेर ठेवावें. कांहीं आठवड्यांनीं विटेवर हिरवी बुरशी आल्यासारखें वाटतें. ती बुरशी नव्हे. भिंगानें पाहिलें तर हृदयाच्या आकाराचे चिमुकले पापुद्रे दिसतात. हे पापुद्रे म्हणजे नेच्याची मधली पिढी. स्त्री-पुरुष भेद यांच्या ठायीं असतो, आणि पुरुषपेशी पाण्याच्या थेंबांतून पोहत स्त्रीपेशीकडे जाते. पाण्याचा थेंब नसेल तर लग्न नाहीं. त्यानंतर त्या पापुद्र्यांतून खरा नेचा वर येतो. माझी पुतणी हा प्रयोग करीत आहे. तिची बरणी सध्यां हिरव्या पापुद्र्यांच्या अवस्थेंत असून घरांतील मोलकरणीपासून तिचें रक्षण करणें, हें माझ्याकडे सोंपविलें आहे. तें योग्यच झालें.

भुकूमहून आणलेला तुकडा काकूंनीं पूर्वीच्याच सागवानी फळीवर बांधला, आणि कुंडींतला बोटभर तुकडा त्याच्या शेजारीं. नव्यानें भाद्रपदांत पहिलें आंखूड पान काढलें, पोपटी आणि इतकें पातळ कीं त्यांतून उजेड दिसे. नवरात्र येईतों तें कडांनीं तपकिरी झालें. जुन्या तुकड्यानें अजून पान काढलेलें नाहीं. त्याचा शेंडा मात्र लवदार आहे, आणि काकू रोज तो बोटानें चाचपून पाहतात.

कार्तिकांत आम्हांस वाडा सोडावयाचा आहे. विहीर बुजणार, पडवी जाणार. तात्पुरत्या जागेंत आम्हांस पांचवा मजला मिळाला आहे. तिला दोन सज्जे आहेत. पूर्वेचा मोठा सज्जा सर्वांनीं एकमतानें काकूंच्या झाडांसाठीं ठेवला, पण जागा पाहावयास गेल्यावर काकूंनीं पहिलाच प्रश्न केला, "पाऊस कोणत्या बाजूनें येतो?" तो पश्चिमेकडून येतो, आणि पश्चिमेच्या अरुंद सज्ज्यांत वहिनींनीं कपड्यांच्या दोऱ्या योजल्या होत्या. दोन दिवस या विषयावर घरांत कोणी उघड बोललें नाहीं. तिसऱ्या दिवशीं वहिनींनींच पश्चिमेच्या भिंतीवर खिळा मारून घेतला. दोऱ्यांची सोय अद्यापि झालेली नाहीं.

आम्ही निघतांना काकूंनीं म्हाताऱ्याला एका कागदावर माझा फोन लिहून देवविला होता, आंब्याला कुऱ्हाड लागणार असें कळलें तर आदल्या दिवशीं कळवावें म्हणून. भुकूमहून अद्यापि फोन आलेला नाहीं. काकू दर रविवारीं विचारतात, आणि 'नाहीं' म्हटलें कीं उठून चहा टाकतात.